दोन कामांमधला उंबरठा

बाहेरच्या खोलीतून तुम्ही स्वयंपाकघरात जाता आणि ओट्यापाशी उभं राहिल्यावर आठवतच नाही, की आपण इथे कशासाठी आलो. कात्री हवी होती की पाणी? परत जाऊन त्याच खुर्चीत टेकलं की लख्ख आठवतं. वय झालं, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पण हा अनुभव विशीतल्या मुलामुलींनाही येतो, आणि त्यामागे मनाच्या कामकाजाची एक महत्त्वाची खूण आहे.

अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल राडव्हान्स्की यांनी २०११ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना एका टेबलावरची वस्तू उचलून दुसऱ्या टेबलापर्यंत न्यायला सांगितलं. कधी त्याच खोलीत, कधी दारातून पलीकडच्या खोलीत. चालायचं अंतर सारखंच, पण दार ओलांडल्यावर विसरण्याचं प्रमाण वाढलं. मन दिवसभराचा अनुभव सलग साठवत नाही, त्याचे प्रसंग पाडतं. दार आलं की एक प्रसंग मिटतो आणि दुसरा उघडतो, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच गोष्ट पुन्हा तपासली. नुसत्या दाराने फारसा फरक पडला नाही. मात्र लोकांना त्याच वेळी मनातल्या मनात आकडे मोजण्याचं जादा काम दिलं, तेव्हा दार ओलांडताच विसर पडू लागला.

उंबरठा बिचारा निर्दोष आहे. भरल्या डोक्याने तो ओलांडला की पाय अडखळतो. धकाधकीच्या आयुष्यात मन निवळ कसं ठेवायचं, या प्रश्नाची एक वाट मला या छोट्याशा प्रयोगात दिसते. सगळी कामं उरकली की शांत बसू, असं आपण स्वतःला सांगत राहतो आणि कामं तर कधीच उरकत नाहीत. पण एक काम थांबतं आणि दुसरं सुरू होतं, असे पंधरा-वीस उंबरठे रोज प्रत्येकाच्या दिवसात येतात. मन गढूळ होतं ते बहुतेक वेळा तिथे. थोडं थांबता आलं, तर निवळतंही तिथेच.

लक्षाची बाकी

तीनची बैठक संपवून तुम्ही सव्वातीनला अहवाल लिहायला बसता. हात कीबोर्डवर असतात, पण डोक्यात बैठकीतलं एक वाक्य घोळत असतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याच अवस्थेचा अभ्यास मांडला. भागाकारात बाकी उरावी, तशी पहिल्या कामावरच्या लक्षाची काही बाकी मनात उरते आणि ती दुसऱ्या कामात आपल्यासोबत येते. पहिलं काम अर्धवट सुटलेलं असेल तर ही बाकी जास्त, आणि तेवढ्या प्रमाणात दुसरं काम कच्चं होतं.

ही बाकी इतकी महाग का पडते? कारण मनाचा ओटा फार लहान आहे. हातातल्या कामासाठी लागणारी माहिती जिथे तेवढ्यापुरती मांडून ठेवलेली असते, त्या स्मृतीची मर्यादा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी इतकी सांगितली होती. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुरावे तपासून ती चारच्या आसपास आणली. ज्या ओट्यावर चारच भांडी मावतात, तिथे आधीच्या कामाची दोन खरकटी भांडी पडून असतील, तर पुढचा स्वयंपाक कसा व्हायचा? ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण धांदरटपणाला लावतो. पण हुशार, कष्टाळू माणसाचंही असंच होतं, कारण ही मर्यादा स्वभावाची नसून मेंदूची आहे.

लेरॉय यांनी तेरेसा ग्लोंब यांच्यासोबत २०१८ मध्ये यावरचा एक उपाय तपासला, आणि तो कुणालाही परवडेल असा आहे. काम मध्येच सोडावं लागलं, तर उठण्याआधी एखादं मिनिट थांबून दोन गोष्टी लिहायच्या: आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं. एवढ्या नोंदीने मधे आलेल्या कामावर लोकांचं लक्ष अधिक चांगलं लागलं. वाचता वाचता उठताना पुस्तकात खूण घालावी, तसंच हे. खूण घातली की पान लक्षात ठेवायची जबाबदारी मनावर राहत नाही.

अर्धवट कामांचा तगादा

अर्धवट कामं मनात का रेंगाळतात, हे कोडं शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये पुढे आलं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या वर्तुळात एक निरीक्षण सांगितलं जाई. कॅफेतल्या वेटरला पैसे द्यायचे राहिलेल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तोंडपाठ असतात. बिल चुकतं झालं की त्या पुसल्या जातात. लेविन यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने लोकांना मातीचे आकार करणं, मणी ओवणं, कोडी सोडवणं अशी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. १९२७ मध्ये तिने निष्कर्ष मांडला, की थांबवलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. स्मरणाबद्दलचा हा निष्कर्ष पुढच्या सगळ्या प्रयोगांत टिकला नाही. तिची सहकारी मारिया ओव्हसियान्किना हिने दाखवलेली दुसरी गोष्ट मात्र भक्कम ठरली: मध्येच सुटलेलं काम पुन्हा हाती घेण्याची ओढ माणसाला लागते, कुणी सांगितलं नाही तरी.

ही ओढच रात्री अंथरुणावर तगाद्याचं रूप घेते. गॅस नोंदवायचा राहिला, आईचे रिपोर्ट आणायचे आहेत, साहेबांच्या मेलला उत्तर दिलेलं नाही. रात्री अकरा वाजता यातलं एकही काम होण्यासारखं नसतं, तरी प्रत्येक काम दारावर थाप मारून जातं. या थापा थांबवायला कामं पूर्णच करावी लागतात का? मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये याचं दिलासा देणारं उत्तर दिलं. काम पूर्ण न करता, ते केव्हा आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली तरी त्याचे घुसखोर विचार कमी होतात. मनाला काम झाल्याचा पुरावा लागत नाही, ते कुठेतरी नीट नोंदलं गेल्याची खात्री पुरते.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग हेच सांगतो. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काही जणांनी येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी पूर्ण झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, पण उशाशी वही ठेवणाऱ्या अनेकांचा अनुभव याहून वेगळा नाही. यात एक पथ्य आहे. ‘आईचं बघायचं’ असं लिहिलेलं मनाला पटत नाही. ‘बुधवारी ऑफिसला जाताना लॅबमधून रिपोर्ट घ्यायचे’ असं लिहिलं की ते निमूटपणे वही मिटू देतं.

दिवेलागणीची जागा

आपल्या जुन्या दिनक्रमात हे उंबरठे आखून दिलेले होते. सकाळी सडा-रांगोळी झाली की दिवस सुरू. बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवायचे, मग आत यायचं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की मुलांनी खेळ थांबवून हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायचं आणि पाढे-परवचा करायचा. ‘संध्या’ या शब्दाचं मूळच जोडण्याशी, सांध्याशी आहे. दिवस आणि रात्र जिथे जोडले जातात ती वेळ कामात न घालवता तिला वेगळं स्थान द्यायचं, ही त्यामागची समज. गिरणगावात हेच काम भोंगा करी. तो वाजला की पाळी सुटे.

त्या काळचं आयुष्य सुखाचं होतं, असं मला म्हणायचं नाही. गिरणीतली पाळी जीव पिळून काढणारी होती आणि तिन्हीसांजेचा दिवा लावणारी बाई पहाटेपासून राबत असे. तरीही दिवसाला सांधे होते. आता तेच निखळले आहेत. ऑफिसचा मेल जेवणाच्या ताटाशेजारी येतो. घरून काम करणाऱ्याच्या ऑफिसला दारच नसतं. लिफ्टची वाट पाहण्याचं अर्धं मिनिट, सिग्नलवरचा मिनिटभराचा थांबा, चहा उकळेपर्यंतचा वेळ या सगळ्या फटी फोनच्या पडद्याने बुजवून टाकल्या. दोन कामांच्या मधे तिसरं काहीतरी पाहत आपण पुढे जातो, म्हणजे पहिल्या कामाच्या बाकीत आणखी पाच-दहा गोष्टींची भर घालून. याला आपण विसावा म्हणतो आणि विसावा घेऊनही दमलेलेच राहतो.

‘हुश्श’चं शरीरशास्त्र

उंबरठ्यावर थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मराठीत त्यासाठी एक छोटा उद्गार आधीपासून आहे. बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून खुर्चीत बसताना आपण ‘हुश्श’ म्हणतो. तो शब्द म्हणजे एक लांब उच्छ्वास आहे, आणि शरीराला शांत करण्याची सर्वात जवळची कळ तीच आहे.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूच्या तळापासून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत पोचणारी व्हेगस नावाची नस हा लगाम सांभाळते. उच्छ्वासाच्या वेळी तिचा प्रभाव वाढतो. हृदयाला आपण थेट आज्ञा देऊ शकत नाही, पचनालाही नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि मनात आणलं तर आपल्या ताब्यातही येतो. म्हणून आत जायचं दार तिथे आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं श्वसनाचे वेगवेगळे प्रकार करायला दिले. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी थोडा घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश, पूर्ण सोडायचा, या प्रकाराने मनाची प्रसन्नता सर्वात जास्त वाढली. ही ‘हुश्श’चीच शिस्तशीर आवृत्ती आहे.

जप, भजन, स्तोत्र यांच्यातही हेच गणित आहे. २००१ मध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक पारंपरिक मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास मोजला. एरवी आपण मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. या दोन्ही पठणांत तो वेग मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तरतरीत झाली. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, आणि श्वासाचा ठेका एकच.

हे वाचल्यावर मला समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक वेगळ्या कानाने ऐकू येऊ लागले. २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात. चार चरण, प्रत्येक चरणात बारा अक्षरं, एक लघु आणि दोन गुरू अशी पावलं टाकत जाणारी. मोठ्याने म्हणून पाहा. चरणभर श्वास सुटत राहतो आणि चरण संपल्यावर आत घेतला जातो. मनाला उपदेश करणाऱ्या त्या शब्दांच्या खाली श्वासाला वळण लावणारं वृत्त आहे. मुंबईच्या लोकलमध्ये टाळ घेऊन उभी असलेली भजनी मंडळं घर आणि ऑफिस यांच्यामधला खडतर तासभर असाच सुसह्य करतात. गर्दीत हलायला जागा नसते, पण गाणाऱ्याच्या छातीत श्वासाला जागा होते.

योगातल्या अशा गोष्टी यंत्रांनी मोजून पाहण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि आसन-प्राणायामाचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत तपासून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. श्रद्धा आणि तपासणी एकत्र नांदू शकतात, याचा तो शंभर वर्षांपूर्वीचा धडा आहे.

मन रिकामं बसलं की

थांबायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती मनाचीच. शांत बसावं तर कोलाहल वाढल्यासारखा वाटतो. हे अपयश नव्हे. मेंदूचे अभ्यासक मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की बाहेरचं काम थांबलं तरी मेंदूतली काही केंद्रं जोमाने चालूच असतात. आठवणी, स्वतःविषयीचे विचार, उद्याच्या कल्पना यांची ये-जा तिथे असते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विसाव्यातही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. हार्वर्डमधल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसात अवचित विचारलं, की आत्ता तुमचं मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाबाहेर होतं, आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते.

मन भटकणार, हे गृहीत धरायचं. भटकल्याचं ध्यानात आलं की त्याला न रागावता श्वासाकडे परत आणायचं. ध्यानाचा सराव तो एवढाच, आणि तो फार व्यग्र माणसांनीही केलेला आहे. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल ऊ बा खिन एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांची जबाबदारी सांभाळत. १९३७ मध्ये ते विपश्यना ही ध्यानपद्धती शिकले आणि पुढे आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाही शिकवू लागले. हिशेबाच्या वह्या आणि ध्यान यांच्यामधला उंबरठा त्यांनी कार्यालयातच बांधला. तीव्र डोकेदुखीने हैराण झालेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे शिकले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या डोंगरपायथ्याशी धम्मगिरी या विपश्यना केंद्राचं काम सुरू झालं. आज तिथे माणसं दहा दिवस मौन पाळायला येतात. ज्यांना दहा दिवस जमत नाहीत, त्यांनी ऊ बा खिन यांची फाइलींमधली बैठक आठवावी.

उंबरठा कुणाच्या वाट्याला?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. थांबायला सगळ्यांना सारखी सवड नसते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेल्याचं दिसलं. पुरुषांपैकी घरकामात हात घालणारे साधारण चारात एक, आणि त्यांची मिनिटं ९७. शिवाय दूध संपत आलंय, मुलाचा गणवेश धुवायचाय, सासऱ्यांच्या गोळ्या आणायच्यात, हे लक्षात ठेवण्याचं काम कोणत्याही सर्वेक्षणात पुरतं मोजलं जात नाही. हे सगळं लक्षात ठेवणाऱ्या बाईचा चारच भांड्यांचा ओटा कायम दुसऱ्यांच्या भांड्यांनी भरलेला असतो. अशा बाईला ‘रोज थोडं ध्यान कर’ असं सांगणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम वाढवणं. तिच्या मनःशांतीसाठी घरातल्या इतरांनी कामं वाटून घ्यायला हवीत, आणि ती लक्षात ठेवण्याची जबाबदारीही. संध्याकाळी सातनंतर हाताखालच्या माणसांना मेसेज न पाठवणारा साहेबही अनेकांच्या घरात शांतता पोचवत असतो.

आणि काही दुखणी उंबरठ्यावर थांबून बरी होत नाहीत. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. काहींना ध्यानात अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो. त्यांनी हट्टाने बसू नये, जाणकाराशी बोलावं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मदत मागणं हासुद्धा ओझं खाली ठेवण्याचाच एक प्रकार आहे.

बाकीच्यांनी तीन उंबरठे निवडावेत, तेवढे पुरेत. एक, ऑफिसातून निघताना: कुठे थांबलो आणि उद्या पहिलं काय, हे दोन ओळींत लिहायचं. दुसरा, घराच्या दारात: फोन पिशवीत ठेवून तीन लांब उच्छ्वास सोडायचे आणि मग बेल वाजवायची. तिसरा, झोपण्याआधी: उद्याची कामं दिवस आणि वेळेसकट वहीत उतरवायची. तिन्ही मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. पहिले काही दिवस विसर पडेल. म्हणून प्रत्येक उंबरठ्याला एक खूण असू द्यावी: टेबलावरची वही, दारावरची पाटी, उशाशी ठेवलेलं पेन.

कामं तशीच राहतील, त्यांची संख्याही कमी होणार नाही. बेल वाजेल, दार उघडेल, समोर मुलगी शाळेतली गोष्ट सांगायला उभी असेल. तुम्ही पाय धुऊन तिच्यापाशी टेकाल आणि ती गोष्ट शेवटपर्यंत तुमच्या कानावर पडेल. मग स्वयंपाकघरात तिच्यासाठी पाणी आणायला जाल, आणि माठापाशी पोचल्यावर तुम्हाला आठवत असेल, की आपण पाणी न्यायला आलो होतो.